बावीस पानांवरचे अनुस्वार

आमच्या संघटनेत चहा मिळण्याआधी चूक सांगावी लागते.

संघटना शाळांतल्या ग्रंथपालांची. दर महिन्याच्या एका शनिवारी सकाळी कुठल्या तरी शाळेच्या वाचनालयात आम्ही जमतो. दुबई, शारजा, अजमान, अगदी अबू धाबीहूनसुद्धा मंडळी येतात. सगळे बसले की अध्यक्ष चष्मा पुसत विचारतात, "आज कोण?" मग एक जण उठतो आणि गेल्या महिन्यात स्वतः केलेली एक चूक सांगतो. ज्वालामुखीचं पुस्तक स्वयंपाकाच्या कपाटात गेलं, एकाच लेखिकेच्या दोन नोंदी झाल्या, असलं काहीतरी. हसायचं नाही आणि उपदेश तर मुळीच करायचा नाही. चूक कशी झाली, कशी सापडली आणि कशी दुरुस्त केली, एवढंच सांगायचं. मग चहा.

ही पद्धत अध्यक्षांनीच पाडली. ते केरळचे, निवृत्तीला आलेले, आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की भाजी खारट झाली तर जेवणारा तोंड वाकडं करतो, पण पुस्तकाची नोंद चुकली तर कोणाला पत्ताच लागत नाही. वाचक येतो, शोधतो, त्याला सापडत नाही. नसेलच, असं समजून तो निघून जातो. म्हणून आपली चूक आपणच सांगायची.

मी सहा वर्षं सभासद होते आणि या सहा वर्षांत एकदाही उठले नव्हते. आपल्याकडून चुका होत नाहीत असं मी तोंडाने कधी म्हटलं नाही. मनात मात्र पक्कं होतं.

त्याला कारण आहे. ग्रंथपाल होण्याआधी पुण्यात एका छापखान्यात मी चार वर्षं मुद्रितं तपासत होते. तिथे डोळ्यांना जी खोड लागली ती गेली नाही. दुबईत, अल कुसैसमध्ये, आमच्या घराखाली एक महाराष्ट्रीय उपाहारगृह आहे. त्याच्या फलकावर 'मीसळ' असं लिहिलं होतं. मी मालकाच्या इतकी मागे लागले की शेवटी त्याने फलक बदलला. नवऱ्याने तर पाहुण्यांना सांगूनच ठेवलंय, हिच्या हातात मेन्यू कार्ड देऊ नका, जेवण थंड होईल.

संघटनेत मला या खोडीमुळेच मान होता. देवनागरीतलं काहीही कुठल्या शाळेत आलं की त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो माझ्या फोनवर यायचा. हिंदी की मराठी? पाठवणाऱ्या कोणी इजिप्तची, कोणी फिलिपिन्सची, कोणी तमिळनाडूची. त्यांना अक्षरं सगळी सारखीच दिसणार. मी त्यांना एक सोपी खूण शिकवली होती. मधोमध पोट आवळलेलं, आडव्या इंग्रजी आठासारखं अक्षर दिसलं, म्हणजे आपला 'ळ', की मराठी. नाही दिसलं तर हिंदी धरून चाला आणि मला विचारा. ही खूण संघटनेच्या मार्गदर्शक पानांतही छापली गेली. खाली माझं नाव होतं. मी ते पान घरी आणून मुलीला दाखवलं होतं.

संघटनेची आणखी एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. कुठल्याही शाळेतल्या वाचकाला एखादं पुस्तक मिळत नसेल तर त्या शाळेचा ग्रंथपाल शोधचिठ्ठी काढतो. चिठ्ठी सगळ्यांच्या फोनवर येते. पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, दिसायला कसं आहे आणि कधीपर्यंत हवं, एवढंच तिच्यात असतं. कोणाला हवं आणि कशासाठी हवं हे लिहायचं नाही, आणि आपण विचारायचंही नाही. माणूस काय वाचतो ही त्याची खासगी बाब. हा नियम मी नव्या सभासदांना फार तळमळीने समजावून सांगत असे.

एके दिवशी अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका शाळेतून चिठ्ठी आली. काढणारी माझी फिलिपिनो सहकारी. भाषा: कोंकणी. लिपी: देवनागरी. लेखक: पुस्तकावर नाव छापलेलं नाही. दिसायला: पातळ, तपकिरी मुखपृष्ठ, त्यावर चुलीचं चित्र. आणि नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत दोन लांबलचक शब्द, रँडचेकुडिंटलिओ गोझाली असं काहीतरी. कधीपर्यंत हवं या रकान्यात तीन आठवड्यांनंतरची एका गुरुवारची तारीख होती. त्यापुढे तिने कंसात घातलं होतं, त्यानंतर उपयोग नाही.

त्यानंतर उपयोग नाही, म्हणजे काय? पुस्तक काय दूध आहे नासायला? ज्या पुस्तकाला लेखक नाही, ज्याचं नाव धड वाचता येत नाही, ते कोणाला तरी एका ठरावीक गुरुवारच्या आत हवंय. माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मी आमच्या वाचनालयाच्या यादीत भाषेखाली कोंकणी टाकून पाहिलं. एकही नोंद नव्हती. 'आमच्याकडे नाही' असं उत्तर पाठवून दिलं. बाकीच्या शाळांकडूनही तेच आलं.

चार दिवसांनी मला राहवेना. मी अबू धाबीला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "बाय द वे, ती कोंकणीवाली चिठ्ठी. कोणाची गं? टीचर आहे का कोणी?"

"मॅडम," ती गोड आवाजात म्हणाली, "यू टॉट मी द रूल."

मला राग आला, आणि राग येतोय म्हणून आणखी राग आला. आपलाच नियम आपल्यालाच ऐकवला गेला की असं होतं.

चिठ्ठी येऊन दहा दिवस झाले. रविवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते. मुलगी ओट्याला टेकून फोन बघत उभी होती. ती इथेच वाढली. मराठी समजतं सगळं, उत्तरं मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, "माझ्या फोनवर ती चिठ्ठी आहे बघ, तिची तारीख कधीची आहे ते सांग."

तिने तारीख सांगितली आणि पुढचे शब्द सहज मोठ्याने वाचले. मी ते दहा दिवस नुसते डोळ्यांनी वाचत होते, इंग्रजी वाचावं तसे. तिला काही कळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिने तुकडे पाडत वाचलं. "रांद... चे... कुडिंत... ल्यो. गोझाली. साउंड्स लाइक समबडी फ्रॉम कोंकण, आई."

"परत वाच."

"रांदचे कुडिंतल्यो गोझाली. व्हॉट हॅपन्ड? युअर फेस!"

कणकेचे हात तसेच धरून मी उभी राहिले. रांदचे म्हणजे रांधायची. कुडिंतल्यो, खोलीतल्या. गोझाली म्हणजे गजाली, गप्पागोष्टी. स्वयंपाकघरातल्या गोष्टी. हे पुस्तक मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्याची नोंद मीच केली होती.

पाच वर्षांपूर्वी ते आमच्या शाळेत आलं होतं. इथलं बिऱ्हाड गुंडाळून कायमचे परत जाणारे लोक पुस्तकांचे खोके शाळेला देतात. अल मनखूलच्या कुठल्याशा घरातून आलेल्या अशाच एका खोक्यात ते तळाशी होतं. मुखपृष्ठ गळून पडलं होतं म्हणून मी पुठ्ठ्याचं घातलं. आत पाहिलं तर 'ळ' जागोजागी. म्हणजे मराठी. पण शब्द विचित्र. मी ठरवून टाकलं, मालवणी असणार. शेवटच्या पानावर मडगावचा छापखाना होता, तोही मी पाहिला. मडगावला मराठी पुस्तकं छापतातच की, असं म्हणून पुढे गेले. गोव्याच्या माणसाने गोव्याच्या भाषेत लिहिलं असेल हे माझ्या मनातच आलं नाही. देवनागरीत आहे, आपल्यासारखं आहे, म्हणजे आपलंच आहे, फक्त जरा अशुद्ध आहे. अशी चूक इजिप्तच्या बाईच्या हातून झाली नसती. ती मराठी माणसाच्याच हातून व्हायची.

आणि नाव? पुस्तकाचं नाव आतल्या पानावर जसं छापलंय तसंच नोंदीत उतरवायचं, त्यात चूक दिसली तरी, हा आमच्या कामाचा पहिला धडा. मी नोंद केली होती 'स्वयंपाकघरातल्या गजाली' अशी. वाचकांना कळावं म्हणून! जगात कुठल्याही पुस्तकावर नसलेलं नाव मी पाच वर्षं यादीत बसवून ठेवलं होतं.

सोमवारी शाळेत गेल्या गेल्या कपाटातून ते काढलं. आनंद झाला होता, नाही कसं म्हणू? सापडलं होतं, गुरुवार अजून दहा दिवस लांब होता. मग मी ते उघडलं आणि माझीच पेन्सिल मला दिसली.

हे मी साफ विसरले होते. नोंद करताना मला त्यातले अनुस्वार खुपले होते. सकाळीं, तें, उठलें, गेलें. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर टिंब. मराठीतले असले न बोलले जाणारे अनुस्वार कधीच गेले. छापखान्यात जुनी पुस्तकं नव्याने छापताना मी असे हजारो उडवले होते. हात शिवशिवला असणार. प्रत्येक टिंबावर बारीक तिरकी रेघ मारत मी पुढे गेले होते. बावीस पानं. मग कंटाळा आला असावा, कारण तेविसाव्या पानापासून सगळं कोरं होतं. मुलांनी पुस्तकात रेघ मारली तर मी त्यांना आठवडाभर पुस्तक देत नाही.

आता सांगते ती खरी चूक. मी ताबडतोब कोणाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मधल्या सुट्टीत दार लावून खोडरबर घेतला आणि भराभर बावीस पानं पुसून काढली. कचरा फुंकला, पान उजेडात धरलं. रेघा गेल्या होत्या. कागद स्वस्तातला, पिवळा पडलेला, शाई फिकी. रेघांबरोबर टिंबंही गेली होती. एखाददुसरं अर्धवट राहिलं होतं, बाकी सगळी साफ. कुठे कुठे होती ते मला सांगता येईना, कारण मला ती भाषाच येत नव्हती.

'पुस्तक सापडलं' एवढाच निरोप मी पाठवला. अबू धाबीहून उत्तरात नुसती फुलंच फुलं आली. संध्याकाळी तिचा फोन आला. वाचकाने स्वतःहून परवानगी दिली होती, म्हणून आता ती सांगू शकत होती. पुस्तक एका शिक्षिकेला हवं होतं, तिच्या आईसाठी. ते आईनेच तरुणपणी लिहिलं होतं. एकच प्रत राहिली होती, ती इथलं घर मोडताना खोक्यातून गेली. आई आता गोव्यात असते, सध्या व्हिजिट व्हिसावर आली आहे, आणि त्या गुरुवारी परत जाणार. डोळे जवळजवळ गेले आहेत. पुन्हा इथे येणं होईल असं दिसत नाही. पुस्तक एकदा ऐकायचं आहे. लेकीला देवनागरी वाचता येत नाही, तिने शाळेत फ्रेंच घेतलं होतं.

"सो दे आर आस्किंग, मॅडम," ती म्हणाली, "कॅन यू कम अँड रीड?"

"येस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आधी शनिवारची बैठक होती. अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "आज कोण?" आणि मी उठले. खोलीत जरा चुळबुळ झाली. मी भाषेची चूक सांगितली, नावाची सांगितली, 'ळ'ची खूण रद्द करा म्हणाले. कोंकणीतही 'ळ' असतो, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

सर म्हणाले, "मॅडम, जो छपा है, वही लिखना है. हम लोग को राइटर नहीं बनना है." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "बस? और कुछ?"

"नहीं सर," मी म्हटलं.

पेन्सिलीचं आणि रबराचं मी पुढच्या महिन्यात पुन्हा उठून सांगितलं. पण त्या शनिवारी नाही सांगितलं. सहा वर्षं मी इतरांच्या चुका ऐकत बिस्किटं खाल्ली होती आणि माझी वेळ आली तेव्हा अर्धीच सांगून खाली बसले. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी नवऱ्याने गाडीने अबू धाबीला सोडलं. दीड तासाच्या रस्त्यात मी चकार शब्द काढला नाही, याची त्यालाच काळजी वाटायला लागली. दाराशी गाडी थांबवून तो म्हणाला, "यल्ला, उतर. परीक्षेला आल्यासारखी काय बसलीयस?"

शिक्षिका चाळिशीची, हसतमुख. आत खिडकीजवळच्या खुर्चीत तिची आई बसली होती. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नजर माझ्या जरा डावीकडे लागलेली. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते उघडलं नाही. पुठ्ठ्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या आणि नाकाशी धरलं.

"बस, बाय," ती म्हणाली.

मी बसले आणि वाचायला घेण्याआधी सगळं सांगून टाकलं. मराठी समजले, नाव बदललं, टिंबं खोडली, मग पुसली. लेक इंग्रजीत "ओह" म्हणाली. तिच्या आईने मात्र शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हाका मराठींत बरोवंक येतालें," ती म्हणाली. मला मराठीत लिहिता येत होतं. "मुद्दाम कोंकणींत बरयलें."

मी मान खाली घातली. तिला ते दिसणार नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हटलं, "चुकलं माझं, मावशी."

"बावीस पानां तपासलीं तुवें. बरें." तिच्या आवाजात आता जरा मिश्किलपणा होता. "पयले गजालींत कितें जाता, सांग पळोवंया."

पहिल्या गोष्टीत काय होतं? बावीस पानांवरच्या एकूण एक टिंबावर माझा हात फिरला होता, तोही दोनदा. गोष्ट काय होती ते मला माहीत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर फक्त पहिल्या ओळी डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांवरून मी ठोकून दिलं, "वडील... वडील सकाळी लवकर उठून घर सोडून जातात."

"बापूय?" ती खुर्चीत पुढे झाली. "बापूय न्हिदिल्लो. वाच गो, वाच. कशें वाचता तें आयकुंदी."

बाप तर झोपलेला होता म्हणे. मी वाचलं. "सकाळी ते बेगीन उठले. चूल पेटयली ना. दार उगडले आनी गेले."

तिने हात वर केला. मी थांबले.

"ते न्हय," ती म्हणाली आणि नाकातून, स्पष्ट, तो स्वर काढला. "तें. तें उठलें. तें गेलें. चली तें, बाय. आमच्यांत चलयेक तें म्हणटात."

कोंकणीत तरुण मुलीला 'ते पोर'मधलं 'ते' लावतात, टिंबासकट. टिंब उडालं की उरतं आदरार्थी 'ते', कोणीतरी मोठं माणूस. कोणी एक मुलगी पहाटे उठते, चूल न पेटवता दार उघडून निघून जाते, अशी ती गोष्ट होती. मी शुद्धलेखन सुधारलं होतं, आणि पानापानांवरून ती मुलगी नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक वयस्कर गृहस्थ चालत होते.

"पेन आहे का?" मी लेकीला विचारलं. पुस्तकात पेनाने लिहायचं म्हणजे आमच्यात पाप. पण ती टिंबं कुठे होती हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस गुरुवारी जाणार होतं.

मग आम्ही कामाला लागलो. मी एक ओळ वाचायची. म्हातारी डोळे मिटून ऐकायची आणि जिथे स्वर नाकात जायला हवा तिथे खुर्चीच्या हातावर बोट आपटायची. मी तिथे टिंब द्यायची. सुरुवातीला ती दर शब्दाला आपटत होती. "नाक खंय गेलें तुजें?" असं तिने मला तीनदा विचारलं. सातव्या-आठव्या पानापासून मला थोडं थोडं आपोआप यायला लागलं. घरां म्हणजे अनेक घरं आणि घरा म्हणजे घरी, हे कळल्यावर तर मला मजा वाटू लागली. इतक्या बारीक टिंबात एवढं काय काय राहत होतं! मध्ये लेकीने चहा आणला. तिला गोष्ट कळत होती, कारण भाषा तिचीच होती, फक्त अक्षरं नव्हती. चहा ठेवून ती परत गेलीच नाही, खाली गालिच्यावर बसून ऐकत राहिली.

गोष्टीतली मुलगी शेतातल्या वाटेने बसच्या थांब्यावर जाते. तिच्याजवळ कपड्यांचं गाठोडं आहे आणि मुंबईच्या एका शाळेचं पत्र आहे. शिक्षिकेची जागा, राहायची सोय. एक बस येते, जाते. दुसरी येते. तिच्या मनात घरातलं एकेक माणूस येतं, कोण किती वाजता उठेल, कोणाला आधी चहा लागेल. बावीस पानं संपली तेव्हा ती तिथेच बसली होती आणि तिसरी बस वळणावर दिसत होती.

"खलास," लेक म्हणाली. "दॅट्स ऑल द डॉट्स, राइट?"

पुढच्या पानांवर टिंबं शाबूत होती. नवऱ्याचा फोन दोनदा वाजून गेला होता. मी म्हटलं, "पण ती गेली का?"

मी पान उलटलं आणि वाचत सुटले. आता म्हातारीला बोट आपटावं लागत नव्हतं.

ती मुलगी जात नाही. तिसरी बस निघून जाते, ती गाठोडं उचलते आणि आली त्याच वाटेने परत येते. घरात सगळे अजून निजलेले असतात. ती गाठोडं ट्रंकेत ठेवते, पत्र चुलीत घालते आणि त्याच्यावर लाकडं रचून चूल पेटवते. चहा होतो. एकेक जण उठून येतो आणि कप घेऊन जातो. शेवटची ओळ एवढीच होती:

"कोणाक कळ्ळेंच ना."

कोणाला कळलंच नाही. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. लेक गालिच्यावरून उठून आईच्या खुर्चीपाशी गेली. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"मम्मी, तें तूं?"

म्हातारीने तिचा हात चाचपून शोधला आणि धरला.

"आतां कळ्ळें," ती म्हणाली.